अर्थिंग पाहून सोयरीक

बदलापुरात भाड्याचं घर शोधताना मालक लोक काय काय विचारतात याची आम्हाला सवय झाली होती. मटण शिजवता का, कुत्रं पाळलंय का, गावाकडून किती माणसं येतात आणि आली की किती दिवस जात नाहीत. हेंद्रेपाड्यातल्या त्या दुमजली घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला आणि बायकोला सोफ्यावर बसवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "बाथरूममध्ये मोबाइल चार्जिंगला लावता का?"

"बाथरूममध्ये?"

"हो. आजकाल लोक आत गाणी ऐकतात. कमोडवर बसून सिनेमे बघतात."

"आम्ही नाही बघत."

"बादलीत कांडी टाकून पाणी तापवता?"

इथे बायकोने माझ्याकडे पाहिलं. आधीच्या खोलीत आम्ही रोज तेच करत होतो. "कधी कधी," ती म्हणाली.

मालककाकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या डॉक्टरने पेशंटच्या खिशात विडीचं बंडल पाहावं. मग काकूंना हाक मारली, "अगं, चहा टाक. ही माणसं वाचलीत."

अशा रीतीने आम्हाला घर मिळालं. आमचं आडनाव त्यांनी महिनाभराने विचारलं, तेही पत्राच्या पेटीवर लिहायचं होतं म्हणून.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल विभागाचे अधिकारी होते. निवृत्त होताना कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते सेलवर चालणारं होतं, म्हणून त्यांनी लावलं. घरातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे ते जावयाकडे पाहावं तसे पाहायचे. म्हणजे वरून मान, आतून संशय. इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला टेस्टर असायचा. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की आधी नारळ द्यायचे आणि मग यजमानाच्या फ्रिजच्या दांड्याला टेस्टर लावायचे. लोक म्हणायचे, काका, जेवून घ्या. काका म्हणायचे, आधी बघू तर द्या, जेवण कुठे पळून जातंय. जेवण पळून जात नसे, पण हळूहळू बोलावणी पळून गेली.

आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या बाथरूममध्ये गिझर नव्हता. काका म्हणाले, बसवून देतो. एखादा साधा मालक असता तर एका दुपारी वायरमन आला असता, भिंतीला दोन भोकं पाडली असती आणि गेला असता. काकांनी पहिल्या दिवशी फक्त खडू आणला. बाथरूमच्या फरशीवर आणि भिंतीवर त्यांनी रेघा ओढल्या आणि आम्हा दोघांना दारात उभं करून समजावलं.

"ही पहिली हद्द. इथे नळ, इथे शॉवर, इथे पाणी उडतं. इथे वायर नाही, स्विच नाही, काही नाही. इथे प्रत्यक्ष देव आला तरी प्लगपॉइंट मिळणार नाही. ही दुसरी हद्द. इथे गिझर चालेल, पण वर, डोक्याच्याही वर. स्विच दाराबाहेर. ओल्या हाताने पोचता येणार नाही इतका बाहेर."

"म्हणजे आंघोळ करताना गिझर बंद करायचा झाला तर?" बायकोने विचारलं.

"आंघोळीआधीच बंद करायचा. पाणी तापवायचं, स्विच बंद करायचा, मग आत जायचं."

"आणि मध्येच गार झालं तर?"

"लवकर आंघोळ करायची," काका म्हणाले. "राजवाडा आहे का हा?"

त्या रेघा महिनाभर तिथेच होत्या. मी त्या ओलांडून आंघोळ करायचो आणि दर वेळी सीमेवरून घुसखोरी केल्यासारखं वाटायचं. दरम्यान काम चालूच होतं. मेन बोर्डापासून गिझरपर्यंत वेगळी जाड वायर आली. तिच्यासाठी वेगळा ट्रिपस्विच आला. शिवाय करंट कुठे गळला तर पापणी लवायच्या आत लाइन तोडणारी एक पांढरी डबी आली, तिला काका ईएलसीबी म्हणायचे आणि नाव घेताना आवाज खाली आणायचे. अर्थिंगसाठी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत जावा म्हणून, मागच्या अंगणात खड्डा झाला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा पडला. हे सगळं होईपर्यंत थंडी येऊन गेली. गिझर चालू झाला तेव्हा बदलापुरात उकडायला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर बदलापुरात वीज इतकी वेळा जाते की शॉक लागायलाही माणसाला योग्य वेळ साधावी लागते. मी हे काकांना बोलून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "गेलेली वीज परत येते. तेव्हा तुमचा हात कुठे असेल ते बघा."

या कामासाठी सामान आणायला ते मला उल्हासनगरला घेऊन गेले होते. तिथल्या एका सिंधी दुकानदाराने वायरचं भेंडोळं काउंटरवर टाकलं. काकांनी खिशातून ब्लेड काढलं आणि वायरचं टोक खरवडलं. वरून तांबं होतं, आतून पांढरं अॅल्युमिनियम निघालं.

"हे काय?"

"साईं, चलता है ये. सब ले जाते हैं."

"सगळे नेतात म्हणून तर मी आलोय बघायला. चांगलं नाही ठेवत?"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "आपने अच्छा मांगा कब? आपने बोला वायर दिखाओ. वायर दिखाया." मग त्याने आतल्या फळीवरून दुसरं भेंडोळं काढलं. "ये लो. अपने घर में मैंने यही डाला है."

काकांनी तेही खरवडलं. आतपर्यंत तांबं. ते इतके खूश झाले की त्यांनी दुकानदाराच्या घरी अर्थिंग कसं आहे ते विचारलं. दुकानदार पण दुर्दैवी माणूस, त्याने सांगितलं. मी बाहेरच्या टपरीवर दोन चहा पिऊन आलो तरी दोघं खड्ड्यात मीठ किती टाकावं यावर वाद घालत होते.

काकांचं हे वेड कुठून आलं असेल, यावर आम्ही नवरा-बायको रात्री जेवताना तर्क करायचो. बायकोची खात्री होती की काहीतरी मोठं दुःख आहे. कुणीतरी जवळचं माणूस गेलं असणार, एखादा भाऊ, एखादा मित्र. एकदा तिने धीर करून काकूंना विचारलं. काकू पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "छे गं. कुणी गेलं-बिलं नाही. हे जन्मापासून असेच. लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हा मंडपाच्या पंख्याकडे बघत होते. मला वाटलं लाजतायत."

महाशिवरात्रीला काकू त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेल्या, आम्हीही गेलो. रांगेसाठी लोखंडी कठडे लावले होते आणि कठड्यांना रोषणाईच्या माळा गुंडाळल्या होत्या. काकांनी टेस्टर काढला. टेस्टरमध्ये बारीक लाल ठिपका दिसला. मग काय, काका तिथेच उभे. मागे रांग तुंबली.

"ओ काका, पुढे चला ना, दर्शन घ्या," एक स्वयंसेवक ओरडला.

"मला शंकराचं दर्शन घ्यायचंय," काका म्हणाले. "भेट नाही घ्यायची."

त्या बाजूची रोषणाई बंद करून घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. निम्मी रांग अंधारात शिव्या देत होती. काकू चार माणसं पुढे सरकून शेजारच्या बाईला सांगत होत्या, "कोण गृहस्थ आहेत कोण जाणे."

त्यांना एकुलती एक मुलगी. ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरी करायची. वडिलांसोबत वाढल्यामुळे तिच्या जिभेला धार होती. कुणी तिला विचारलं की वडील काय करतात, तर सांगायची, "लोकांच्या घरी जाऊन त्यांना मरणाची आठवण करून देतात." माझ्या ऑफिसात अंबरनाथचा एक मुलगा होता. सरळ, हसरा, कामाला चोख. त्याच्या घरचे मुलगी बघत होते. मी मध्ये पडलो. माझ्या आयुष्यात मी जमवलेलं हे एकच स्थळ, आणि यापुढे जमवणार नाही.

मुलगा-मुलगी आधी दोनदा बाहेर भेटले, एकमेकांना पसंत पडले. मग रीतसर मुलाचं घर बघायला आम्ही गेलो. काका, काकू, मुलगी आणि मध्यस्थ म्हणून मी. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं जुनं बैठं घर होतं. मुलाचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, भारदस्त, पांढऱ्या मिशा. आई बारीक चणीची, पदर डोक्यावरून, बोलणं जवळजवळ नाहीच. पोहे आले. गप्पा मजेत चालल्या होत्या. कुठलं गाव, कुठली शेती, बारवी धरणाकडे अजून भात पिकतो का. मला वाटलं, जमलं.

मग काका म्हणाले, "जरा हात धुऊन येतो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. काकूंनी देवाकडे पाहिलं.

थोड्या वेळाने पंखा बंद पडला. मुलाचे वडील म्हणाले, "गेली वाटतं." अंबरनाथमध्ये याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आम्ही घाम पुसत पोहे खात राहिलो. पण शेजारच्या घरातला टीव्ही चालूच होता. तो ऐकून मुलाचे वडील उठले, तेवढ्यात काका आतून आले. त्यांच्या एका हातात बाथरूमच्या स्विचची झाकणपट्टी होती.

"मेन मी बंद केलाय," ते म्हणाले, जणू चपला दाराबाहेर काढल्या असं सांगावं. "तुमचा वायरमन कोण होता?"

"का?"

"गिझरचा स्विच बादलीच्या डोक्यावर. माणूस उभा राहून डोक्यावर पाणी घेतो ते थेट त्याच्यावर. ते एक असो. पण या डबीत हिरवी वायर बघा. हिरवी म्हणजे अर्थिंगची. ही गिझरपासून इथपर्यंत आली. आणि इथे हिला गोल गुंडाळून टेप मारून ठेवलीय. पुढे कुठेच गेलेली नाही. दाखवायला ठेवलीय."

"बाबा," मुलगी दात आवळून म्हणाली, "मुलगा बघायला आलोय की जंक्शन बॉक्स?"

"मुलगा चांगलाच आहे," काका म्हणाले. "गिझर चालू करून नळाला टेस्टर लावला तर टेस्टर पेटतो, हे मी बोलतोय. गिझरच्या आत करंट गळतोय, आणि त्याला जायला वाट नाही. पाण्यातून नळाला येतोय."

मुलाच्या वडिलांच्या मिशा हलल्या. "हे बघा पाहुणे, इतकी वर्षं या घरात हाच गिझर आहे. मी त्यातच आंघोळ करतो, पोरगा करतो. आजवर कुणाला काही झालं नाही."

"झालं नाही म्हणूनच तुम्ही बोलताय. ज्यांना होतं ते बोलत नाहीत."

"म्हणजे तुम्ही आमच्या घरात बसून आमच्या मरणाचं बोलता?"

"मी उभा आहे," काका म्हणाले.

हे फार झालं. मुलाचे वडीलही उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार. आपलं काही जमायचं नाही. ज्याला बाथरूम बघून मुलगी द्यायचीय त्याने हॉटेलात द्यावी."

"आई," मुलगा म्हणाला, "अगं काहीतरी बोल ना."

तो आईला वडिलांची समजूत घालायला सांगत होता. मुलीचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती, संतापली होती. काकांवर. आणि काका ती झाकणपट्टी हातात धरून उभे होते, तोंडावर एक प्रकारचं समाधान घेऊन. खरं सांगतो, त्या क्षणी या माणसाचा गळा दाबावा असं मला वाटलं. बरोबर असण्याचीही काही वेळ असते, आणि ती पोह्यांच्या नंतर नसते.

"जमलं तर पोरगी रोज इथे आंघोळ करणार," काका आपल्याच तालात म्हणाले. "नाही जमलं तर नाही करणार. मला दोन्ही चालेल. पण हे असं ठेवून जमवायचं, हे चालणार नाही."

तेव्हा मुलाची आई बोलली. इतकी हळू की आधी कळलंच नाही कोण बोललं.

"नळ मुंग्या आणतो."

"काय?" तिचा नवरा म्हणाला.

"हाताला मुंग्या येतात. सकाळी नळ सोडताना. कोपरापर्यंत. मी सांगितलं होतं तुम्हाला. कितीदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, वय झालं, डॉक्टरला दाखव. डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग मी नळाला पदर गुंडाळून उघडायला लागले. आणि पायात रबरी स्लिपर घालते."

"अगं पण मला कधी..."

"तुम्हाला कसं लागेल?" ती म्हणाली. आता तिचा आवाज थोडा वर आला होता. "तुमची बादली मी भरून ठेवते. या पोराची बादली मी भरून ठेवते. भरून झाली की बटण बंद करते. तुम्ही येता, लोटा घेता, आंघोळ करता. नळाला हात लावला आहे का कधी?"

शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी जोरजोरात हसत होतं. मुलाचे वडील खाली बसले. मुलगा आईच्या हाताकडे बघत होता, तिचा हात त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा असा.

अशा वेळी दुसरा कुणी विजयी मुद्रेने काहीतरी बोलला असता. काकांना ते सुचलंही नाही, कारण त्यांना त्या बाईच्या मुंग्यांत खरोखरच रस निर्माण झाला होता. ते तिच्यासमोर पाटावर बसले आणि विचारू लागले, "पावसाळ्यात जास्त लागतं की उन्हाळ्यात? ओला हात असला की कोपराच्या वर जातं? बरोबर. बरोबर. ताई, तुम्ही वाचलात त्या स्लिपरमुळे." तिला कुणी इतकं आजवर विचारलं नव्हतं. ती सांगत राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी ती हसलीसुद्धा. मुलीने तोवर रुमालाने डोळे पुसून थंड झालेले पोहे संपवले होते.

लग्न जमलं. कसं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण त्यानंतर "पसंत आहे" असं कुणी म्हणालंच नाही. मुलाच्या वडिलांनी फक्त विचारलं, "कामाला कधी सुरुवात करायची?"

काम काकांनीच घेतलं. वायरमन बोलावला असता तर दोन दिवसांत झालं असतं, म्हणून बोलावला नाही. उल्हासनगरहून तसंच वायरचं भेंडोळं आलं. जुना गिझर भंगारात गेला. स्विच बाथरूमबाहेर आला. अंगणात खड्डा खणायला मुलाचे वडील स्वतः उतरले, बनियनवर, कुदळ घेऊन. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, "बोअरिंग मारताय काय?" ते म्हणायचे, "नाही, सोयरे केलेत." दोन्ही सोयरे दिवसभर भांडायचे. खड्डा इतका खोल कशाला, कोळसा इतका कशाला, मीठ जेवणात घालायचं सोडून जमिनीत कशाला. मी सुट्टीच्या दिवशी बघायला जायचो तेव्हा दोघं कमरेइतक्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलेले असायचे आणि मुलाची आई त्यांना चहा देत असायची. काका कप हातात घेण्याआधी तिला विचारायचे, "आज लागलं का?" ती म्हणायची, "बंद केलंय ना तुम्ही सगळं, काय लागणार?" चुलीवरचं पाणी चालू होतं त्या दिवसांत.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी सगळं जोडून झालं. काकांनी मेन चालू केला. मग त्या पांढऱ्या डबीवरचं चाचणीचं बटण दाबलं. टक् झालं आणि अख्खं घर बंद पडलं. लोक नातवाचं पहिलं बोळकं हसू बघून जसे खुलतात, तसे काका खुलले. पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा मुलाच्या वडिलांनी तो धरला. "पुरे. कळलं."

"टेस्टरने बघितलं, दिव्याने बघितलं," काका म्हणाले. "पण खरी टेस्ट एकच. विहीणबाई, पाणी तापलंय. स्विच मी इथून बंद केलाय. आता तुम्ही जा."

ती टॉवेल घेऊन आत गेली. कडी लागली. बाहेर आम्ही चौघे पुरुष, दोन सोयरे, मुलगा आणि मी, बाथरूमच्या दारासमोर उभे. याहून विचित्र जागी मी आयुष्यात उभा राहिलेलो नाही. पाण्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पुन्हा थांबला. पुन्हा आला. नळ उघडल्याचा, बंद केल्याचा, उघडल्याचा. बराच वेळ झाला. मग एकदम काहीच आवाज नाही.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी दार वाजवलं. "अगं, काय झालं?"

"काही होत नाहीये," आतून आवाज आला. "तेच बघतेय."

काका दाराजवळ सरकले. घसा साफ केला. "विहीणबाई, पायात स्लिपर तर नाही ना? असेल तर टेस्ट धरता येणार नाही."

"अनवाणी आहे," ती म्हणाली. "पदरपण नाही गुंडाळला."

"मग होऊ द्या सावकाश."

नळ पुन्हा सुरू झाला, चांगला जोरात. मुलाच्या वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सवयीने म्हणाले, "झालं की माझी बादली भरून ठेव गं, मला गुरुजींकडे जायचंय."

आत नळ बंद झाला.

"तुमची तुम्ही भरा," ती म्हणाली. "आता काही होत नाही."